जुनी मोटार : उरलेल्या वर्षांची किंमत

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या ‘मारुती ८००’ मोटारीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना देण्यात आली. हरपाल सिंग यांनी ती मोटार पाव शतकाहून अधिक काळ, म्हणजे २०१० साली झालेल्या आपल्या मृत्यूपर्यंत, स्वतःजवळ ठेवली. त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला यात विशेष काही वाटले नसते. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि एकदा मिळालेली गाडी घरातल्या शिलाईयंत्राप्रमाणे जपून, दुरुस्त करून वापरली जाई. जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य त्या वेळी एकच प्रश्न विचारी : गाडी कशी ठेवली आहे?

आजच्या दिल्लीत आणि तिच्याभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हा प्रश्न पुरेसा राहिलेला नाही. गाडी उत्तम स्थितीत असूनही तिचे रस्त्यावरील आयुष्य संपलेले असू शकते. येथे जुनी मोटार घेणारा ग्राहक वास्तविक त्या मोटारीची उरलेली वर्षे विकत घेत असतो आणि ती वर्षे किती, हे यंत्राइतकेच कायदाही ठरवतो. दोन जुन्या गाड्यांमधून एक निवडताना ही गोष्ट कशी उलगडत जाते, ते एका उदाहरणाने पाहणे सोयीचे होईल.

एक कुटुंब आणि दोन गाड्या

पूर्व दिल्लीत राहणारे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पती-पत्नी दोघेही मेट्रोने कचेरीत जातात. दोन मुले शाळेत आहेत. घरात वृद्ध आई असून तिला दम्याचा विकार आहे. मोटार हवी ती आईला रुग्णालयात नेण्यासाठी, मुलांना पावसापाण्यात शाळेत सोडण्यासाठी, रविवारच्या कामांसाठी आणि वर्षातून एकदा पुण्यापर्यंत जाऊन येण्यासाठी. सारा प्रवास मिळून वर्षाला सुमारे ८,००० किलोमीटर होतो. हाताशी साडेतीन लाखांच्या आसपास रक्कम आहे आणि ती कित्येक वर्षांच्या बचतीतून जमलेली आहे.

करोल बागेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात हिंडल्यावर या कुटुंबापुढे दोन गाड्या उरतात. पहिली डिझेलवर चालणारी, सात वर्षांची, ९०,००० किलोमीटर धावलेली. किंमत ३,६०,००० रुपये. दुसरी पेट्रोलवर चालणारी, नऊ वर्षांची, ५५,००० किलोमीटर धावलेली. किंमत ३,००,००० रुपये. दोन्ही दिल्लीतच नोंदलेल्या असून दोन्ही ‘भारत स्टेज ४’ या प्रदूषणमानकाच्या आहेत. डिझेलची गाडी दोन वर्षांनी तरुण आहे, ओढायला दमदार आहे आणि इंधन कमी खाते. प्रथमदर्शनी साठ हजार रुपये अधिक देऊन तीच घ्यावी, असे कोणालाही वाटेल.

डिझेलचे आकर्षण कोठून आले?

हे आकर्षण निराधार नव्हते. २०१० च्या जून महिन्यात पेट्रोलच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण उठले. डिझेलवरील नियंत्रण मात्र २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत टिकले. मधल्या काळात दोहोंच्या दरांत मोठे अंतर पडले. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले, त्या वेळी डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. ज्या कुटुंबांनी तेव्हा अधिक पैसे मोजून डिझेलच्या गाड्या घेतल्या, त्यांचा हिशेब त्या दिवसापुरता अचूक होता.

पुढे दोन्ही बाजूंनी परिस्थिती पालटली. डिझेलचे नियंत्रण उठल्यानंतर दरांतील अंतर कमी होत गेले आणि २०२० च्या जूनमध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलहूनही महाग झाले. ती स्थिती कायम राहिली नाही, तरी जुने मोठे अंतरही परत आले नाही. दरम्यान शहराच्या हवेचा प्रश्न न्यायालयांपुढे आला होता.

वयाचा नियम

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये पंधरा वर्षांवरील वाहनांविरुद्ध आणि ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांवरील डिझेल वाहनांविरुद्ध आदेश दिले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या भूमिकेस दुजोरा दिला. अशा रीतीने राजधानी क्षेत्रापुरती डिझेलच्या गाडीला दहा वर्षांची आणि पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा पडली. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून तिचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे दिल्लीत ‘संपलेली’ डिझेलची गाडी ना हरकत प्रमाणपत्र घेऊन नागपुरास किंवा सोलापुरास नेली, तर तेथे ती आणखी काही वर्षे कायदेशीरपणे धावू शकते. एकाच मोटारीची दोन गावांत दोन आयुष्ये असतात, ती अशी. मात्र राजधानी क्षेत्र दिल्लीपुरते नाही. हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांतील अनेक जिल्हे त्यात मोडतात. तेव्हा गाडी मेरठला किंवा पानिपतला हलवून ही मर्यादा टळत नाही.

या नियमाची अंमलबजावणी एका सरळ रेषेत झालेली नाही. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना दिल्लीतील पंपांवर इंधन न देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि काही दिवसांतच ती स्थगित करण्यात आली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. १७ डिसेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने हे संरक्षण भारत स्टेज ४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. चार महिन्यांत चित्र दोनदा बदलले, हे येथे ध्यानात घ्यावयाचे. जुनी डिझेल गाडी विकणारा दलाल साहजिकच यातील ग्राहकाला अनुकूल तेवढाच भाग सांगतो. अंतरिम आदेश हा अंतिम निकाल नव्हे. सौद्याच्या दिवशी कोणता आदेश लागू आहे, हे ग्राहकाने स्वतः तपासून घेतले पाहिजे.

हिशेब

आता दोन्ही गाड्यांचा वार्षिक खर्च काढून पाहू. हिशेबासाठी डिझेलचा दर लिटरला ८८ रुपये व पेट्रोलचा ९५ रुपये धरला आहे. डिझेलची गाडी शहरात लिटरला १८ किलोमीटर आणि पेट्रोलची १४ किलोमीटर जाते, असे मानले आहे. वाचकाने आपल्या दिवसाचे दर व आपल्या गाडीचे आकडे यांच्या जागी घालावेत. रीत तीच राहील.

प्रथम इंधन. ८,००० किलोमीटरसाठी डिझेलच्या गाडीला सुमारे ४४४ लिटर, म्हणजे ३९,१०० रुपये लागतील. पेट्रोलच्या गाडीला ५७१ लिटर, म्हणजे ५४,३०० रुपये लागतील. डिझेलमुळे वर्षाला साधारण १५,२०० रुपये वाचतात.

आता गाडीची झीज. दहा वर्षांची मर्यादा कसोशीने लागू झाली, तर डिझेलच्या गाडीची दिल्लीतील तीन वर्षे उरली आहेत. त्यानंतर ती परप्रांतात १,२०,००० रुपयांस विकली गेली असे धरले, तर २,४०,००० रुपये तीन वर्षांत खर्ची पडतात. दर वर्षी ८०,०००. पेट्रोलच्या गाडीची सहा वर्षे उरली आहेत. शेवटी ती केवळ भंगाराच्या भावात, ३०,००० रुपयांस गेली, तरी २,७०,००० रुपये सहा वर्षांवर विभागले जातात. दर वर्षी ४५,०००. झीज व इंधन एकत्र धरता डिझेलची गाडी वर्षाला सुमारे १,१९,००० रुपयांस आणि पेट्रोलची ९९,००० रुपयांस पडते. स्वस्त इंधनाची गाडी वीस हजारांनी महाग ठरते.

हाच हिशेब उलट गृहीत धरून करावा. समजा, दहा वर्षांची मर्यादा अमलात आली नाही आणि डिझेलची गाडी नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण करून भंगारात गेली. मग ३,३०,००० रुपये आठ वर्षांवर पसरतात. झीज वर्षाला ४१,२५० रुपये. इंधनासह एकूण खर्च सुमारे ८०,४०० रुपये होतो आणि आता डिझेलची गाडी जवळजवळ एकोणीस हजारांनी स्वस्त ठरते.

दोन्ही हिशेबांत गाडी तीच, इंजिन तेच, कुटुंबही तेच. बदलले ते फक्त उरलेल्या वर्षांचे अनुमान. मिस्त्री कितीही कुशल असला तरी हे अनुमान तो देऊ शकत नाही. ज्या कुटुंबाची बचत एका गाडीत अडकणार आहे, त्याने दोन्ही हिशेब मांडावेत आणि आपल्याला प्रतिकूल असलेला हिशेब खरा ठरला तर तो सोसेल काय, हे विचारावे. येथे डिझेल घेऊन अंदाज चुकला तर तीन वर्षांनी पुन्हा मोटार शोधण्याची पाळी येते. पेट्रोल घेऊन अंदाज चुकला तर वर्षाला काही हजार रुपये अधिक गेले, इतकेच होते.

अर्थात जो मनुष्य पुष्कळ प्रवास करतो, त्याचे उत्तर वेगळे येईल. वरील दरांनी डिझेलची गाडी किलोमीटरमागे सुमारे १ रुपया ९० पैसे वाचवते. झिजेतील ३५,००० रुपयांचा फरक भरून काढण्यास वर्षाला साडेअठरा हजार किलोमीटर धावावे लागेल. दिल्लीहून पुणे जाऊन-येऊन साधारण तीन हजार किलोमीटर होतात, हे लक्षात घेता ही धाव घरगुती वापराच्या बाहेरची आहे.

हिवाळ्यातले दिवस

खर्चाच्या हिशेबात न येणारी एक बाब आहे. दिल्लीची हवा बिघडू लागली की श्रेणीबद्ध कृती आराखड्याचे टप्पे लागू होतात. २०१७ पासून अमलात असलेल्या या आराखड्याच्या तिसऱ्या टप्प्यात दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद व गौतम बुद्ध नगर येथे भारत स्टेज ४ च्या डिझेल मोटारी आणि भारत स्टेज ३ च्या पेट्रोल मोटारी चालवण्यास बंदी घालण्यात येते. गाडीचे वय कितीही असो, त्या दिवसांत ती घरी उभी राहते. २०२५ च्या डिसेंबरात तर दिल्लीबाहेर नोंदलेल्या, भारत स्टेज ६ पेक्षा जुन्या मानकांच्या वाहनांना शहरात प्रवेशही नाकारण्यात आला होता.

यामागचे कारण आकड्यांत दिसते. भारत स्टेज ४ च्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती. त्याच मानकाच्या पेट्रोल मोटारीला ०.०८ ग्रॅमची. म्हणजे डिझेलला तिपटीहून अधिक. सूक्ष्म कणांची डिझेलसाठीची मर्यादा ०.०२५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकात ती ०.००४५ ग्रॅमवर आली. केवळ वयावरून गाडी बाद करणे न्याय्य नाही, नीट राखलेली जुनी गाडी दुर्लक्षित नव्या गाडीहून कमी धूर सोडू शकते, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु जुन्या मानकाच्या डिझेल इंजिनाची मूळ घडणच अधिक धुराला वाव देणारी आहे, हे त्याने खोटे ठरत नाही.

आपल्या उदाहरणातील कुटुंबाला ही बाब निर्णायक ठरते. दम्याच्या रुग्णाला रुग्णालयात न्यावे लागण्याचा संभव सर्वांत अधिक असतो तो हवा अत्यंत बिघडलेल्या दिवसांत, आणि नेमक्या त्याच दिवसांत डिझेलची मोटार दारात बंद उभी असेल. ज्या कामासाठी गाडी घ्यावयाची, त्या कामाच्या वेळी ती उपयोगी पडत नसेल, तर लिटरमागे चार किलोमीटर अधिक मिळण्याला फारसा अर्थ उरत नाही.

अधिक पैसे घालून भारत स्टेज ६ ची डिझेल गाडी घ्यावी, असे कोणी सुचवील. तिच्या धुराड्यात कण अडवणारी गाळणी असते. गाळणीत साठलेली काजळी जळून जाण्यासाठी धूर बराच वेळ तापलेला राहावा लागतो आणि ते मोकळ्या रस्त्यावरील सलग प्रवासात घडते. शाळा, बाजार आणि रुग्णालय अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत गाळणी तुंबते आणि दुरुस्ती महाग पडते.

प्रत्यक्ष तपासणी

पेट्रोलच्या गाडीकडे कल झुकला, तरी ती पाहून-पारखून घ्यावी लागतेच. तपासणीस सकाळी जावे आणि इंजिन आधीच सुरू करून ठेवू नये असे मालकास सांगून ठेवावे. थंड इंजिन कसे सुरू होते, यावरून बरेच कळते. निळसर धूर दिसला तर इंजिन तेल जाळत आहे. काळा धूर न जळलेल्या इंधनाचा. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. म्हणून तो दुरुस्तीच्या जुन्या पावत्यांशी ताडून पाहावा. पेडलचे रबर, सुकाणूचक्राची कातडी आणि चालकाच्या आसनाची कड किती झिजली आहे, हेही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. काचांवरही निर्मितीच्या वर्षाची खूण असते. एकच काच इतरांहून वेगळ्या वर्षाची निघाली, तर ती का बदलली, हे विचारावे. टायर एकाच कडेने झिजले असतील, तर चाकांची रेषा किंवा खालचा सांगाडा बिघडलेला असू शकतो.

दिल्लीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. २०२३ च्या जुलैमध्ये यमुनेची पातळी जुन्या लोखंडी पुलापाशी २०८.६६ मीटरवर पोहोचली आणि १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. सखल वस्त्यांत पाणी शिरले. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते. पण विजेच्या तारा व जोड आतून गंजत राहतात आणि बिघाड काही महिन्यांनी उमटतो. सतरंजी उचलून खाली गाळाची रेघ आहे काय, आसनांचे खिळे गंजले आहेत काय, सुट्या चाकाच्या खळग्यात माती आहे काय, हे पाहावे. बंद गाडीत कुबट वास आणि त्यावर अत्तराचा मारा, हे लक्षणही बोलके असते. विम्याच्या नोंदींत त्या सुमाराचा मोठा दावा आढळला, तर गाडी सोडून द्यावी.

कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्रातील सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी जुळला पाहिजे. गाडीवर कर्ज असेल तर प्रमाणपत्रात तशी नोंद असते. ती नमुना ३५ द्वारे रद्द झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. विक्रेत्याने त्याच राज्यात चौदा दिवसांच्या आत कळवावयाचे असते आणि खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत आपले नाव लावून घ्यावयाचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा. गुरुग्राम किंवा नोएडा येथे नोंदलेली गाडी घेतल्यास दुसऱ्या राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि कर यांचा खर्च किमतीत मिळवावा.

दलालाच्या हाती सह्या केलेले कोरे नमुने सोपवण्याची पद्धत बाजारात सर्रास आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक हातांत गेली होती. अपघाताच्या नुकसानभरपाईचा भार मात्र नोंदणीत नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर आला. म्हणून नाव बदलून घेणे जितके खरेदीदाराच्या हिताचे आहे, तितकेच विक्रेत्याच्याही.

निर्णय

ही सारी पाहणी केल्यावर आपल्या कुटुंबाने पेट्रोलची, दोन वर्षांनी वृद्ध गाडी घेणे श्रेयस्कर ठरते. तीन लाखांची किंमत देऊन हाताशी सुमारे पन्नास हजार रुपये उरतात. त्यांतून टायर, विजेरी, ब्रेक व पट्टे बदलून घ्यावेत आणि नाव व विमा आपल्याकडे करून घ्यावा. हेच कुटुंब पुण्यात राहत असते, दरमहा दीड हजार किलोमीटरहून अधिक फिरत असते आणि घरात आजारी माणूस नसते, तर हाच हिशेब त्याला डिझेलच्या गाडीकडे घेऊन गेला असता. बाजारात उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी चांगली कोणती, या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर नसते. ती कोठे, किती आणि कोणासाठी धावणार आहे, हे आधी कागदावर लिहावे. उरलेली वर्षे मोजावीत. आणि मगच किंमत बोलावी.